मागच्या खोलीतला टीव्ही

दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी ग्वाल्हेरला मावशीला फोन करते. ही पद्धत मुळात आईची. आई गेल्यावर ती माझ्याकडे आली, जशी तिची पोळपाटाची जोडी आली आणि गुडघेदुखीही आली. प्रश्न ठरलेले असतात. गुडघे कसे आहेत, पाणी येतं का, सून काय म्हणते. आणि पूर्वी एक प्रश्न हमखास असायचा, तो मावशीच विचारायची, ‘अगं, त्या मालिकेत काल काय झालं पाहिलंस का?’

२०१७ सालच्या उन्हाळ्यापर्यंत हा प्रश्न बंद झाला होता. मीच एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘टीव्ही नाही गं बघत हल्ली. डोळे दुखतात.’ मी म्हटलं, बरं झालं, त्या मालिकांत तरी काय असतं. विषय संपला. दोन वर्षं संपलेलाच राहिला.

आमची मावशी बेळगावची. १९६८ साली लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली तेव्हा ती वीस वर्षांची होती. आजोळच्या घरात दोन भाषा होत्या, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात असतात तशा. आजोबा मराठी, आजी धारवाडकडची. बाहेरच्या सोप्यात मराठी आणि स्वयंपाकघरात कन्नड असा कारभार. मुली आईशी कन्नडात भांडायच्या आणि वडिलांकडे तक्रार मराठीत करायच्या. ग्वाल्हेरचं स्थळ आलं तेव्हा आजोबांना एवढंच कळलं की मराठी माणसं आहेत, शिंद्यांच्या चाकरीत पिढ्यान्‌पिढ्या गेलेली आहेत, म्हणजे आपलीच. आजीनं मात्र विचारलं होतं म्हणे, ‘तिथं हिच्याशी कन्नड कोण बोलेल?’ यावर काय उत्तर द्यायचं ते कुणाला सुचलं नाही, आणि लग्न ठरलं.

ग्वाल्हेर तसं आपल्याला परकं नाही. लष्कर भागात हिंडलं तर ‘चिटनीस की गोठ’, ‘ढोली बुवा का पुल’ अशी नावं कानावर पडतात; विभक्ती हिंदी, नाव आपलं. आपल्या मुलखाशी तर गाण्याचं नातं जुनं. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इकडं आणली, त्यांच्याकडे मिरजेला विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. आणि १९३३ साली घर सोडून निघालेला गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन जोशी गाणं शोधत शोधत ग्वाल्हेरला पोचला आणि तिथल्या माधव संगीत विद्यालयात शिकला. मावशीला ही गोष्ट फार आवडते. ‘तोसुद्धा माझ्यासारखाच, कन्नड घेऊन आलेला पोर,’ असं ती म्हणते. फरक एवढाच की भीमसेन परत आले.

मावशीच्या घरात मराठी टिकली, पण कशी, तर तिकडच्या पद्धतीनं. काकांची मराठी ठीक होती. दादाची, म्हणजे मावसभावाची, अर्धी हिंदी. आता नातू ‘आजी, मला भूक लागली आहे’ हे वाक्य शाळेतल्या प्रार्थनेसारखं म्हणतो आणि पुढचं सगळं हिंदीत. कन्नड तर काय, पोळ्या मोजण्यापुरती उरली. मावशी आजही पोळ्या मोजते त्या ‘ओंद, एरड, मूर, नाक’ अशा. वहिनी बरीच वर्षं समजत होती की सासूबाई स्वयंपाक करताना कसलं तरी स्तोत्र पुटपुटतात. तिनं एकदा मला हळूच विचारलंही होतं की हे कुठल्या देवीचं.

या घरात टीव्हीला मोठा मान होता. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी सगळी आळी काकांच्या हॉलमध्ये जमायची. पुढं केबल आली. गल्लीतल्या केबलवाल्यानं छतावर तबकड्या लावल्या आणि जाड काळी वायर घराघरांत फिरवली. १९९९च्या स्वातंत्र्यदिनी अल्फा मराठी सुरू झालं, तेच पुढं झी मराठी झालं. लष्करातल्या मराठी घरांनी केबलवाल्याच्या मागं लागून ते आपल्या वायरीत आणवलं. त्याच सुमारास काकांनी मावशीसाठी मागच्या खोलीत चौदा इंची छोटा टीव्ही ठेवला. हॉलमधल्या वायरीला एक स्प्लिटर जोडला, म्हणजे एका वायरीच्या दोन करणारी ती लोखंडी डबी, आणि दुसरी वायर मागं नेली. केबलवाल्याला एक पैसा जास्तीचा नाही. काका गेले तरी तो टीव्ही होता. दुपारचं जेवण झालं की मावशी दार लोटून घ्यायची आणि तासभर मराठी ऐकायची. बघायची किती कोण जाणे, ऐकायची.

मग पेटी आली, म्हणजे सेट टॉप बॉक्स. केबल कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि जुनी पद्धत टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं. मुंबईसारखी चार महानगरं २०१२च्या ऑक्टोबरअखेर, सोलापूर-म्हैसूर धरून अडतीस शहरं २०१३च्या मार्चअखेर, आणि बाकीची नगरं तिसऱ्या टप्प्यात. बेळगाव आणि ग्वाल्हेर दोन्ही या तिसऱ्यात. त्याची तारीख कोर्टकचेऱ्यांत पुढं पुढं जात अखेर ३१ जानेवारी २०१७ला थांबली. आपल्याकडेही तेव्हा काय गोंधळ उडाला ते आठवत असेल.

जुन्या पद्धतीत प्रत्येक चॅनेल वायरीतून उघडाच यायचा. टीव्हीच्या पोटातला ट्यूनर तो पकडायचा. त्यामुळे एका वायरीच्या दोन करा, तीन करा, प्रत्येक टीव्ही आपापला चॅनेल दाखवायचा. नव्या पद्धतीत वायरीतून येतो तो आकड्यांचा गठ्ठा. तो उलगडून चित्र करायचं काम पेटी करते, आणि पेटीत कार्ड असतं, पैसे भरले असतील तरच ते कुलूप उघडतं. एक पेटी एका वेळी एकच चॅनेल देते. म्हणजे टीव्ही तितक्या पेट्या. माझ्या घरात हे सगळं घडलं होतं, पैसेही मोजले होते, पण ग्वाल्हेरच्या मागच्या खोलीचा आणि याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. एम. ए. झालेली बाई मी.

२०१९च्या मे महिन्यात नातवाची मुंज निघाली. गोवा एक्स्प्रेस बेळगावहून थेट ग्वाल्हेरला जाते, फक्त मधला अख्खा दिवस गाडीत काढावा लागतो. मी कुंद्याचे दोन डबे घेऊन गेले. ग्वाल्हेरचा मे महिना म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मुंज थाटात झाली, पाहुणे पांगले, आणि मी दोन दिवस जास्त राहिले. दुपारी मावशीच्या खोलीत आडवी झाले तर समोर तो टीव्ही. वर तिनंच विणलेला क्रोशाचा रुमाल, त्यावर औषधांचा डबा, चष्म्याचं घर आणि एक छोटा गणपती. मी विचारलं, ‘डोळे दुखतात ना, मग ठेवलायस कशाला?’ मावशी काही बोलली नाही. वहिनी चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, ‘ताई, डोळ्यांचं काही नाही. डबा लागला ना हॉलमध्ये, तेव्हापासून इथं काही येतच नाही.’

‘अगं मग हॉलमध्ये बघायचं,’ असं मी म्हणणार होते. पण हॉलमध्ये काय चाललं होतं ते दिसतच होतं. लोकसभेचे निकाल दोन दिवसांवर आले होते, दादाच्या बातम्या सकाळपासून सुरू. त्या संपल्या की नातवाचं कार्टून, मग वहिनीची हिंदी मालिका. मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून भाजी निवडायची आणि सगळ्यांबरोबर हसायची. हसायची थोडी उशिरा, एवढंच.

मी त्या संध्याकाळी हट्टाला पेटले. आधी भिंतीवरची जुनी वायर सरळ छोट्या टीव्हीत खोचली आणि चॅनेल शोधायला लावले. मुंग्या. मग हॉलमधल्या पेटीच्या पाठीमागं बघितलं, तर तिथं ‘आरएफ आउट’ असं लिहिलेलं एक भोक. मला वाटलं, सापडलं. त्यातून वायर काढून मागं नेली. पुन्हा मुंग्याच. नातू माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता, डोक्याचा गोटा, शेंडी, हातात टॉर्च. नंतर कळलं की ते भोक म्हणजे नुसती वाट आहे. आलेला गठ्ठा जसाच्या तसा पुढं सोडायची. चित्र बाहेर पडतं ते पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांतून, नाहीतर एचडीएमआयमधून. आणि आमच्या चौदा इंचीला पाठीमागं यांपैकी एकही भोक नाही, फक्त अँटेनाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत महाराज बाड्याजवळच्या बाजारात गेले. तीन दुकानदारांनी ‘नया ले लो, मॅडम’ म्हणून वाटेला लावलं. चौथा म्हातारा होता. त्यानं काउंटरखालून काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक डबी काढली. मॉड्युलेटर. एका बाजूनं पिवळी-पांढरी पिन आत, दुसऱ्या बाजूनं अँटेनाची वायर बाहेर. पेटीचं चित्र ती जुन्या टीव्हीला समजेल अशा एका चॅनेलवर बसवून देते. टीव्ही त्या चॅनेलवर लावून ठेवायचा आणि बाकी सगळं पेटीच्या रिमोटवर. पिवळी पिन चित्राची; पांढरी आणि लाल आवाजाच्या, पण छोट्या टीव्हीला एकच स्पीकर, तेव्हा पांढरी पुरे. तुमच्याकडे असा जुना टीव्ही असेल तर भंगारात द्यायच्या आधी हे बघून ठेवा.

डबी हॉलमधल्या पेटीला लावली, वायर मागं नेली, आणि चौदा इंचीत चित्र आलं. नातवानं टाळ्या वाजवल्या. मावशी पदराला हात पुसत आली. चित्र काय होतं? हॉलमध्ये जे चालू होतं तेच. निकालांची चर्चा. हॉलमध्ये बदललं की इथं बदलायचं. मावशी दोन मिनिटं कौतुकानं बघत उभी राहिली, ‘छान आलंय की,’ म्हणाली आणि भाजीकडे गेली.

तेव्हा दुसरी पेटी घेणं भाग होतं. मी रात्री दादाजवळ विषय काढला आणि तिथं बिनसलं. त्या वर्षी फेब्रुवारीपासून नवीन नियम आले होते. पहिल्या शंभर चॅनेलांचं भाडं १३० रुपये, अठरा टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाचे चॅनेल त्यावर वेगळे, हवे ते सुटे घ्यायचे. दुसऱ्या पेटीला हे सगळं पुन्हा. दादा म्हणाला, ‘प्रश्न दीडशे रुपयांचा नाही. आई एकदा तरी बोलली का मला? तू चार दिवसांची पाहुणी, येऊन दाखवतेस की आईला इथं काहीतरी कमी आहे.’ मी म्हटलं, ‘कमी आहेच.’ हे मी म्हणायला नको होतं. वहिनी ताटं उचलून आत गेली. मावशी आतून म्हणाली, ‘अरे, मला नकोच आहे टीव्ही. डोळे दुखतात माझे.’

यावर आम्ही दोघंही गप्प बसलो.

पेटी आली, पण कशी आली ते मी लपवत नाही. मी दादाला न विचारता केबलवाल्याला बोलावलं आणि पैसे भरले. आज वाटतं, एक दिवस थांबले असते तर त्यानंच बोलावलं असतं. पण माझं परतीचं तिकीट होतं, आणि खरं सांगायचं तर मला थांबायचंच नव्हतं. केबलवाल्याचा पोरगा आला, त्यानं काकांच्या काळातला तो गंजलेला स्प्लिटर काढून नवा लावला. एका वायरीच्या दोन केल्या की सिग्नल निम्मा होतो, त्यात गंज असला की चित्राचे चौकोन पडतात, असं त्यानं नातवाला समजावून सांगितलं. नवी पेटी, तिला मॉड्युलेटर, मॉड्युलेटरला छोटा टीव्ही. त्यानं कार्डाचा नंबर फोनवरून कळवला आणि ‘चालू होईल’ म्हणून गेला. चालू व्हायला रात्र झाली.

मी मावशीला विचारून एक मराठी चॅनेल सुटा घेतला होता, तो कुठल्या नंबरवर आहे हे शोधायला आम्ही रिमोट घेऊन बसलो. मावशी पलंगावर, मी खाली, नातू टीव्हीच्या नाकासमोर. नंबर एकेक पुढं सरकत होते. दूरदर्शनचे चॅनेल सगळ्या केबलवाल्यांना दाखवावे लागतात, ते तेव्हा त्या शंभरांतच धरलेले असायचे, वेगळे पैसे नाहीत. त्यांत सह्याद्री लागलं. ‘अगंबाई, हे होतं होय!’ असं मावशी म्हणाली. म्हणजे हॉलमधल्या पेटीतही ते दोन वर्षं होतंच. इतक्या पुढच्या नंबरावर कुणी गेलंच नव्हतं. मी पुढं दाबलं, आणखी पुढं, आणि चंदना लागलं.

‘थट् अंत हेळि’ चालू होतं. तुमच्यातल्या कन्नड घरांना हे सांगायला नको. २००२ पासून चाललेली प्रश्नमंजूषा, डॉक्टर ना. सोमेश्वर प्रश्न विचारतात आणि बरोबर उत्तराला पुस्तक देतात. कुठल्याशा म्हणीचा प्रश्न होता. समोरचा स्पर्धक विचार करत होता आणि मागून पलंगावरून उत्तर आलं. मोठ्यानं, शाळेतल्या मुलीसारखं. मी वळून बघितलं. मावशी सरसावून बसली होती.

नातवानं विचारलं, ‘आजी, ये कौनसी भाषा है?’

मावशी म्हणाली, ‘माझी.’

पण लगेच पुढच्या पाच मिनिटांत तिची कुरकुरही सुरू झाली. ‘इद नम्म कन्नड अल्ल, बिडु. हे बेंगळूरचं. आपलं धारवाडचं कसं खणखणीत असतं.’ मला इतकं हसू आलं! आजी अगदी हेच म्हणायची, रेडिओ ऐकताना. रात्री दिवा मालवल्यावर मावशीनं अंधारात विचारलं, ‘ऊटा आतेन?’ जेवण तर सगळ्यांचं एकत्रच झालं होतं. तिला फक्त कुणाला तरी विचारायचं होतं.

आणि इथं मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. फोन उचलला की मावशी पहिल्यांदा नेहमी ‘हेंग अदी?’ असं म्हणते. इतकी वर्षं मी त्यावर ‘बरी आहे’ असं मराठीत उत्तर देत होते. कन्नड मला येतं. नवरा कन्नड, सासरी बोलतेच. पण आपल्या गावात कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं हे माणूस तोंड उघडण्याआधी ठरवतो, आणि माहेरच्या माणसांशी मराठी हे माझं कधी ठरून गेलं ते मलाही आठवत नाही. कॉलेजात मराठी शिकवते, तेही त्यात असेल. मावशीचं ‘हेंग अदी’ ही मी सवय समजत होते, वहिनीला पोळ्यांचे आकडे स्तोत्र वाटले तसंच. त्या रात्री म्हटलं, ‘आतु, मावशी. निंदु?’ ती म्हणाली, ‘नंदू आतु,’ आणि मग आम्ही दोन वाजेपर्यंत बोलत होतो. मध्ये मध्ये तिला शब्द सापडत नव्हते. थांबायची, जिभेनं शोधायची, आणि मी सांगितला तर रागवायची, ‘थांब, येतोय.’

दादा पुढं दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मावशीला फोन केला की तो उचलायचा आणि ‘देतो’ एवढंच म्हणायचा. २०२० साली लॉकडाऊन लागला, २८ मार्चपासून दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, त्या आठवड्यात त्याचा आपणहून फोन आला. म्हणाला, ‘सकाळ-संध्याकाळ आम्ही सगळे हॉलमध्ये रामायण बघतो. आई पण. मग ती तिच्या खोलीत जाते आणि कन्नड बातम्या ऐकून आम्हाला सांगते, बेंगळूरमध्ये किती पेशंट.’ थोडा थांबला. ‘आणि अगं, नवा नियम आलाय. दुसऱ्या टीव्हीला आता भाडं चाळीस टक्केच. बावन्न रुपये. आईचं रिचार्ज मी करतोय, तू भरू नकोस.’ बावन्न रुपयांचा हिशोब तो तीन मिनिटं समजावत होता आणि मी ‘हो का, हो का’ करत ऐकत होते.

नंतर तो भाड्याचा नियमही बदलला. चौदा इंचीनं २०२२ साली मान टाकली. तिच्या जागी नातवानं स्वतः भिंतीवर नवा एलईडी लावला. आता एचडीएमआयची एकच वायर, मॉड्युलेटरची गरज नाही. तो मावशीनं गणपतीशेजारी ठेवलाय, कारण टाकून कसं द्यायचं. रिमोटवर तिनं चंदनाच्या नंबरातल्या तीन आकड्यांवर लाल टिकल्या चिकटवल्यात आणि सह्याद्रीच्या आकड्यांवर हिरव्या. एक आकडा दोन्हींत आहे. त्याच्यावर दोन्ही टिकल्या आहेत, एकीवर एक, आणि वरची सारखी निघते.

गेल्या रविवारी फोन नातवानं उचलला. त्याचा आवाज आता फुटलाय. मी सवयीनं ‘हेंग अदी?’ म्हटलं. पलीकडं जरा शांतता, मग म्हणाला, ‘आराम अदेनि. रुको, आजीला देतो.’